टोकाची जागतिक गरिबी नववी ते बारावीला शिकवताना: आराखडा, कृती आणि अडचणी

तासिका_चौथी (धागाकर्ता)

जगातल्या टोकाच्या गरिबीवर पाच तासिकांचा घटक मांडतो आहे. तासिका ४० मिनिटांची, वर्गात साधारण ४० मुलं. इंटरनेट नसलं तरी चालेल, छापील कागद पुरतात.

तास १: पूर्वचाचणी आणि दारिद्र्यरेषा
तास २: पैशाशिवाय गरिबी कशी मोजतात
तास ३: 'चौदा दिवसांचं घर' हा हिशोबाचा खेळ
तास ४: छायाचित्रं आणि आलेख
तास ५: उपाय, म्हणजे काय चाललं आणि काय फसलं

छायाचित्रं मुद्दाम चौथ्या तासाला ठेवली आहेत. ती आधी दाखवली की वर्ग हळहळीत अडकतो आणि पुढचं सगळं 'बिच्चारे' या एका शब्दावर येऊन थांबतं. मोजायला आधी शिकलं, की चित्रात काय बघायचं ते कळतं.

पूर्वचाचणीत एकच प्रश्न पुरतो: गेल्या वीस वर्षांत टोकाच्या गरिबीत जगणाऱ्यांचं जगातलं प्रमाण जवळपास दुप्पट झालं, तेवढंच राहिलं की जवळपास निम्मं झालं? गॅपमाइंडर या स्वीडिश संस्थेने २०१७ मध्ये १४ देशांतल्या सुमारे १२,००० लोकांना हेच विचारलं होतं. बरोबर उत्तर होतं 'निम्मं', आणि ते फक्त ७ टक्के लोकांना आलं. डोळे मिटून खूण केली असती तरी ३३ टक्के आलं असतं. उत्तरं चिठ्ठीवर घ्या, हात वर करून नको. हात वर करायला लावले की अर्धा वर्ग हुशार मुलाकडे बघून हात उचलतो.

सूचना, दुरुस्त्या येऊ द्या.

भागाकार

चाचणीबद्दल एक सावधगिरी. 'निम्मं' हे उत्तर २०१७ चं आहे. त्यानंतर घसरण मंदावली आणि २०२० मध्ये कोविडमुळे आकडा कित्येक वर्षांनी पहिल्यांदा उलटा वर गेला. म्हणून प्रश्नात 'गेल्या वीस वर्षांत' न लिहिता '१९९० ते २०१९' असा काळ द्या. जागतिक बँकेच्या २०२२ च्या, माणशी रोज २.१५ डॉलरच्या रेषेखाली १९९० मध्ये जगातली सुमारे ३८ टक्के माणसं होती, २०१९ मध्ये सुमारे ९ टक्के. मग पर्यायही बदला: वाढलं, तेवढंच राहिलं, निम्म्याहूनही खाली आलं.

आता रेषेबद्दल. फळ्यावर '३ डॉलर' लिहिलं की लगेच हात वर येतो: 'पण तिकडे वस्तू स्वस्त असतात ना?' सगळ्या तासाची किल्ली या प्रश्नात आहे, त्यामुळे तो टाळू नका. स्वस्ताई रेषेत आधीच धरलेली असते. जागतिक बँकेची रेषा जून २०२५ पासून माणशी रोज ३ डॉलर आहे, आणि हे डॉलर २०२१ च्या क्रयशक्ती समतेचे, म्हणजे पीपीपीचे आहेत. अर्थ असा की २०२१ मध्ये अमेरिकेत ३ डॉलरला जेवढं मिळालं असतं, तेवढ्यावरच माणूस आपल्या देशात दिवस काढतो. तिकडे स्वस्त मिळतं म्हणून भागतं, ही पळवाट इथे नाही.

मुलं हमखास करतात ती चूक म्हणजे बँकेच्या विनिमय दराने गुणणं. काल्पनिक देश घेऊन दाखवा. तिथे बँकेत १ डॉलरला १०० नाणी मिळतात, पण अमेरिकेत १ डॉलरला येणारी वस्तूंची टोपली तिथे ४० नाण्यांत येते. मग त्या देशात रेषा ३ × ४० = १२० नाणी. ३०० नव्हे. हे उदाहरण दोनदा, वेगळे आकडे घेऊन सोडवून घ्या. एकदा करून डोक्यात बसत नाही.

रेषा कुठून येते हेही सांगा, नाहीतर ती आकाशातून पडल्यासारखी वाटते. अल्प उत्पन्न देशांनी स्वतःच्या दारिद्र्यरेषा ठरवलेल्या असतात. त्यांचा मध्यक म्हणजे आजची आंतरराष्ट्रीय रेषा. १९९० मध्ये ती १ डॉलर होती, २००८ मध्ये १.२५ झाली, २०१५ मध्ये १.९०, २०२२ मध्ये २.१५ आणि २०२५ मध्ये ३.००. दर वेळी पीपीपीचं पायाभूत वर्षही बदललं आहे. म्हणून वेगवेगळ्या रेषांचे आकडे एका आलेखात कधीही जोडायचे नाहीत.

कडेचा_बाक

शेवटच्या मुद्द्यावर मुलं अडतात. रेषा २.१५ वरून ३ झाली तेव्हा २०२२ सालातल्या गरिबांची संख्या ७१.३ कोटींवरून ८३.८ कोटी झाली. 'मग एका रात्रीत साडेबारा कोटी गरीब झाले का?' याला दोन वाक्यांत काय सांगायचं?

भागाकार

@कडेचा_बाक, दोन वाक्यांत: माणसं तीच, त्यांचं जगणं तेच, आपण पट्टी बदलली. आणि नवी पट्टी मागच्या सगळ्या वर्षांना पुन्हा लावतात, त्यामुळे १९९० चा आकडाही वर जातो आणि घसरणीची दिशा तशीच राहते.

वेळ असेल तर मुलांना दोन बातम्या लिहायला सांगा, एक 'गरिबी वाढली' म्हणणारी आणि एक 'गरिबी घटली' म्हणणारी. दोन्ही खऱ्या आकड्यांवर लिहिता येतात. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेचं उदाहरण याला चपखल आहे: १९९० पासून तिथे गरिबांची टक्केवारी उतरली, पण लोकसंख्या त्याहून वेगाने वाढल्यामुळे गरीब माणसांची संख्या वाढली. टक्के आणि माणसं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे इथे स्वच्छ दिसतं.

रेघोट्या

पहिल्या तासात आणखी तीन गोष्टी आल्याच पाहिजेत, नाहीतर मुलं आकड्याला नको इतका मान देतात.

बहुतेक गरीब देशांत पगार मोजत नाहीत, खर्च मोजतात. घरच्या शेतात पिकलेलं आणि घरीच खाल्लेलं धान्यही किंमत लावून त्यात धरतात. त्यामुळे 'त्यांच्याकडे शेत आहे, पैसा कशाला लागतो' हा आक्षेप इथेच निकालात निघतो.

सर्वेक्षण घराचं होतं आणि एकूण खर्चाला माणसांच्या संख्येने भागतात. घरात कुणाच्या ताटात किती पडलं हे त्यात दिसत नाही. रेषेच्या वर असलेल्या घरातली सून किंवा धाकटी मुलगी प्रत्यक्षात रेषेच्या खाली असू शकते, हे मुली पटकन बोलून दाखवतात.

तिसरं, ज्यांना घरच नाही किंवा जिथे युद्ध चालू आहे ते लोक सर्वेक्षणातून बऱ्याचदा सुटतात. शिवाय मागच्या ७ दिवसांतला खर्च विचारला की ३० दिवसांतला, यानेही आकडा हलतो. मुलांकडून हे करून घेता येतं: मागच्या सात दिवसांत वह्या-पेनांवर काय खर्च झाला ते आठवून लिहा, मग तीस दिवसांचं लिहा. रक्कम विचारू नका, किती गोष्टी आठवल्या तेवढंच मोजा. तीस दिवसांच्या यादीत सातच्या चौपट गोष्टी क्वचितच येतात.

काडीमोजणी

दुसऱ्या तासासाठी बहुआयामी गरिबी निर्देशांक घ्या. संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातलं गरिबी संशोधन केंद्र २०१० पासून तो काढतात. तीन बाजू आणि दहा निकष. अपूर्णांकांत शिरलात तर तास तिथेच संपेल, म्हणून प्रत्येक गटाला १८ काड्या द्या.

आरोग्य: पोषण ३ काड्या, बालमृत्यू ३.
शिक्षण: घरात एकाही मोठ्या माणसाची सहा वर्षं शाळा झालेली नाही ३, आठवीपर्यंतच्या वयाचं एखादं मूल शाळेत जात नाही ३.
राहणीमान: इंधन, संडास, पाणी, वीज, घर, वस्तू यांना प्रत्येकी १.

निकषात वंचित असेल तर तेवढ्या काड्या टेबलावर. ६ किंवा जास्त झाल्या की घर गरीब, ९ किंवा जास्त झाल्या की तीव्र गरीब.

निकष काटेकोर वाचून घ्या. संडास आहे, पण दुसऱ्या घरांबरोबर सामायिक आहे, तर वंचित. पाणी सुरक्षित आहे, पण आणायला जाऊन-येऊन अर्धा तास किंवा जास्त लागतो, तरीही वंचित. वस्तूंमध्ये रेडिओ, टीव्ही, फोन, संगणक, जनावराची गाडी, सायकल, मोटरसायकल, फ्रीज यांपैकी एकापेक्षा जास्त नसतील आणि मोटार किंवा ट्रकही नसेल तर वंचित.

नमुन्याचं घर 'ब', माणसं ७. कुणी कुपोषित नाही, मूल दगावलेलं नाही, एका मोठ्याची आठ वर्षं शाळा झाली आहे. पण एक मुलगी शाळेत जात नाही (३), चूल लाकडावर (१), संडास सामायिक (१), पाण्याला ४० मिनिटं (१), जमीन मातीची (१). वीज आहे, फोन आणि सायकल आहे. एकूण ७ काड्या, घर गरीब. आता विचारा, मुलगी शाळेत जायला लागली तर? ७ वरून ४, म्हणजे घर यादीबाहेर. बाकी काहीच बदललेलं नाही. हे योग्य की अयोग्य, यावर वर्गाला मोकळं भांडू द्या, दहा मिनिटं सहज जातात आणि जावीतच.

पुढे पाच घरांची वस्ती करा:

अ: ४ माणसं, २ काड्या
ब: ७ माणसं, ७ काड्या
क: ५ माणसं, ३ काड्या
ड: ६ माणसं, १० काड्या
इ: ३ माणसं, ६ काड्या

गरीब घरं ब, ड, इ. गरीब माणसं १६, एकूण २५, म्हणून प्रमाण ०.६४. तीव्रता, म्हणजे गरीब माणसांची सरासरी वंचितता, काढताना माणसांनी गुणायचं: (७×७ + ६×१० + ३×६) = १२७, भागिले १६, भागिले १८ = ०.४४. दोन्हींचा गुणाकार ०.२८, हाच वस्तीचा निर्देशांक.

इथे दोन चुका ठरलेल्या. मुलं घरं मोजतात आणि पाचपैकी तीन म्हणून ०.६० लिहितात. दुसरी, कॅल्क्युलेटरवाले ६/१८ चं ०.३३ करतात आणि ते ०.३३३ पेक्षा कमी म्हणून 'इ' घराला वगळतात. काड्या दिल्या की दुसरी चूक उद्भवतच नाही.

रेघोट्या

+१. पाण्याच्या निकषावरून आठवलं, बऱ्याच ठिकाणी मुलांना बादल्या उचलून पळवतात. शर्यत झाली की हसण्याचा विषय होतो आणि पाठीला दुखापत होते ती वेगळीच. २० लिटर पाणी म्हणजे २० किलो, भांडं सोडून. उचलायचंच असेल तर एकच १० लिटरचा डबा सगळ्यांनी फक्त उचलून ठेवा, चालणं नको.

खरा धडा भागाकारात आहे. माणशी २० लिटर ही किमान गरज धरली तर पाच माणसांना १०० लिटर. एका खेपेत २०, म्हणून पाच खेपा. खेपेला ३० मिनिटं, तर रोजचे अडीच तास. हे अडीच तास शाळेच्या वेळापत्रकावर रंगवून दाखवायला सांगा. ही खेप कुणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न मुलं आपणच विचारतात.

उधारखाते

तिसऱ्या तासाचा खेळ पूर्ण लिहितो, नियम सैल ठेवले तर तो कोसळतो.

पाच माणसांचं घर. १ नाणं म्हणजे १ पीपीपी डॉलर. रेषा रोज १५ नाणी. आपलं घर सरासरी १२ वर आहे, म्हणजे रेषेखाली. एका गटाला रोज ठरलेली १२ नाणी द्या. बाकीच्या गटांना फासा: १ किंवा २ पडलं तर ०, ३ किंवा ४ तर १२, ५ तर १८, ६ तर ३०. सरासरी इथेही १२ च, मुलांकडूनच काढून घ्या.

खर्च: पोटभर जेवण ८ नाणी, अर्धपोटी ४. इंधन रोज १, पण एकदम दहा दिवसांचं घेतलं तर ७. सातव्या आणि चौदाव्या दिवशी जुन्या कर्जाचा हप्ता ७. सलग दोन दिवस अर्धपोटी राहिलं तर तिसऱ्या दिवशीची कमाई निम्मी. उधार मिळतं: १० घेतले तर सात दिवसांनी १२. पाचव्या दिवशी ताप, औषधाला २५, त्याच दिवशी. दहाव्या दिवशी शाळेची फी १५. ही दोन कार्डं आधी दाखवायची नाहीत.

शिक्षकाने हिशोब आधी करून ठेवावा. १४ दिवसांचे १६८ नाणी येतात. जेवण-इंधन १२६, हप्ते १४, आजार आणि फी ४०. बारा नाणी कमी पडतात. ठरलेल्या कमाईचं घर तीन दिवस अर्धपोटी काढून जेमतेम तोंडमिळवणी करतं. फाशावरच्या घरांपैकी काही पाचव्या दिवसालाच उधारीत जातात आणि पुन्हा वर येत नाहीत, तर एखादं घर नशिबाने तरून जातं. कमाईची सरासरी सगळ्यांची एकच. 'रोज ३ डॉलरच्या खाली' हे वाक्य ऐकून मुलांना वाटतं की रोज तेवढे मिळतातच. ते इथे मोडतं.

इंधनाकडे लक्ष ठेवा. सात नाणी एकदम हातात नसल्यामुळे बहुतेक गट रोज एक-एक देत राहतात आणि दहा दिवसांत तीन जास्त मोजतात. गरिबाला महाग पडतं ते असं.

कडेचा_बाक

१४ फेऱ्या ४० मिनिटांत बसतील? आणि मुलं फासा म्हटलं की जुगारावर येतात.

उधारखाते

फेरीला पावणेदोन मिनिटं धरली तर २५ मिनिटं, उरलेली १५ चर्चेला. गट पाचांचेच ठेवा. फासे टाकायला एक, वही लिहायला एक आणि निर्णय तिघांचा. हिशोबाचा तक्ता आधी छापलेला हवा: दिवस, आले, जेवण, इंधन, इतर, शिल्लक, उधारी. कोरा कागद दिला तर आठव्या दिवशी कुणाचंच जुळत नाही.

जुगार थांबवायचा तर विजेता जाहीर करू नका आणि बक्षीस तर नकोच. शेवटी 'कोण जिंकलं' याऐवजी विचारा: तुमचा कुठला निर्णय दुसऱ्या कुणाला मूर्खपणाचा वाटेल, आणि तो का घेतला? 'बचत करायला हवी होती' म्हणणारा एक तरी असतोच. त्याला त्याच्याच गटाची वही दाखवून कुठल्या दिवशी किती वाचवता आलं असतं ते दाखवायला सांगा. आणि खेळाला 'गरिबी अनुभवा' असलं नाव देऊ नका. २५ मिनिटांत हिशोब कळतो, उपास नाही.

पायरीवरचा

एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही, म्हणून जरा कडक लिहितो. आपल्या वर्गात गरीब मुलं बसलेली असतात, हे गृहीत धरूनच प्रत्येक कृती तपासा.

काड्यांचा तक्ता घरी नेऊन 'आपल्या घराचे गुण काढा' हा गृहपाठ कधीही नको. 'ज्यांच्या घरी अमुक आहे त्यांनी एक पाऊल पुढे' हा प्रकार तर बंदच करा. त्यातून पुढच्या मुलांना थोडी लाज वाटते आणि मागे राहिलेलं मूल सगळ्यांसमोर उघडं पडतं. शिकतं कोण? नेहमी काल्पनिक घर घ्या. कुणी आपणहून स्वतःचं सांगितलं तर ऐका, आभार माना, पुढे चला. त्याला उदाहरण बनवू नका.

चौकटीतलं

छायाचित्रांसाठी गॅपमाइंडरचंच 'डॉलर स्ट्रीट' हे संकेतस्थळ वापरा. जगभरातल्या घरांतल्या त्याच त्या वस्तू, चूल, बिछाना, दात घासायचा ब्रश, उत्पन्नाच्या क्रमाने लावलेल्या असतात. आठ चुली छापा, देशाचं नाव झाका, आणि गटांना गरीब ते श्रीमंत असा क्रम लावायला सांगा. मग नावं उघडा. वेगवेगळ्या खंडांतल्या एकाच उत्पन्नाच्या चुली एकमेकींसारख्या निघतात, आणि 'त्यांच्याकडे असंच असतं' हे वाक्य बंद पडतं. तिथले आकडे महिन्याचे आहेत, हे फळ्यावर लिहून ठेवा. रोजचे ३ म्हणजे महिन्याचे साधारण ९०.

एकट्या रडक्या मुलाचा फोटो नको. मदत गोळा करायला तो चालतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात एका मुलीची गोष्ट सांगितली तेव्हा लोकांनी जास्त पैसे दिले, आणि त्याच गोष्टीला आकडेवारी जोडली तर कमी. पण आपल्याला पैसे गोळा करायचे नाहीत, आकडे वाचायला शिकवायचं आहे.

पायरीवरचा

पूर्ण सहमत नाही. नाव, काम, मत असलेलं माणूस दिसलंच नाही तर मुलांना गरीब म्हणजे काड्यांचा ढीग वाटेल. फोटो हवा, पण काम करतानाचा, स्वतः निर्णय घेत असलेल्या माणसाचा.

भागाकार

पाचव्या तासाला प्लेपंपाचं प्रकरण घ्या. मुलांच्या गोल फिरणाऱ्या झोक्याला पंप जोडायचा, मुलं खेळतील आणि पाणी चढेल, अशी ही दक्षिण आफ्रिकेतून आलेली कल्पना. २००६ मध्ये तिच्यासाठी मोठा निधी जाहीर झाला. एका पंपाला सुमारे १४,००० डॉलर, २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचे. आधी वर्गाला एवढंच सांगा आणि मत घ्या. बहुतेकांना आवडतं.

मग तीन आकडे द्या: एका पंपावर २,५०० माणसं, माणशी रोज १५ लिटर, पंपाची क्षमता तासाला १,४०० लिटर. ३७,५०० भागिले १,४००, जवळजवळ २७ तास. दिवस २४ तासांचा. वर्गात या क्षणी जो आवाज होतो त्यासाठी पाचवा तास राखून ठेवावा. प्रत्यक्षात मुलं नसताना बायकांना तो झोका हाताने फिरवावा लागे आणि बिघडला की दुरुस्ती महिनोन्महिने अडायची. २०१० पर्यंत विस्तार गुंडाळला गेला.

चाललेलं उदाहरणही द्या, नाहीतर 'काहीच होत नाही' हे शिकून मुलं घरी जातात. बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने २००२ पासून अतिगरीब घरांना एकत्र मदत दिली: जनावर किंवा दुसरं एखादं उत्पादक साधन, काही काळ खाण्यापुरता भत्ता, प्रशिक्षण, बचत आणि घरी नियमित भेटी. हाच नमुना इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू इथे तपासला गेला. २०१५ मध्ये निकाल आले. मदत संपल्यावर वर्षभरानेही बहुतेक ठिकाणी खर्च आणि मालमत्ता वाढलेली दिसली. वाढ माफक होती, हेही सांगा. तिसऱ्या तासाच्या वहीत 'भत्ता' कुठल्या दिवशी काय बदलतो ते मुलांना स्वतः भरून बघता येतं.

कडेचा_बाक

थेट पैसे दिले तर लोक दारूत उडवतात, हे पालकसभेतही ऐकू येतं. उत्तर?

भागाकार

जागतिक बँकेच्या दोन अभ्यासकांनी अनेक देशांतले १९ अभ्यास एकत्र तपासले. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं सर्वसाधारणपणे दिसलं नाही, उलट काही ठिकाणी घटला. एवढंच सांगा, वाद वाढवू नका.

तासिका_चौथी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. मूल्यमापन २० गुणांचं ठेवतो: पीपीपीचं एक गणित ४, नव्या वस्तीचा निर्देशांक ६, 'या बातमीतली चूक शोधा' ५, आणि एखादी मदत योजना तपासताना विचारायचे पाच प्रश्न लिहा ५. 'गरिबी हटवण्यासाठी तुम्ही काय कराल' हा निबंध काढून टाकला, त्यात सगळे तेच लिहितात.

@काडीमोजणी, तक्ता छापताना काड्यांचा रकाना आधी दाखवायचा का?

काडीमोजणी

नको. तो रकाना उजव्या कडेला छापा आणि मागे दुमडून द्या. आधी दहा मिनिटं गटांनी १८ काड्या दहा निकषांत स्वतःच्या मताने वाटायच्या, प्रत्येकाला किमान एक. वाटून झालं की घडी उघडायची आणि 'ब' घर दोन्ही प्रकारे मोजायचं. वीज किंवा वस्तूंना तीन-तीन काड्या देणारा गट निघतोच, तेव्हा त्या गटालाच कारण विचारा. काड्या मोजून गठ्ठ्यात बांधून द्या, सुट्या दिल्या की दोन-चार बाकाखाली जातात आणि वस्तीचं गणित चुकतं.